रावळगावची गोळी

खानदेशात ‘चॉकलेट’ ह्या शब्दाचा अर्थ गोळी असा आहे. जळगावातील कोणत्याही किराणा दुकानापुढे एखादे पोर उभे राहून नाणे पुढे करते व ‘काका, चॉकलेट द्या’ म्हणते, तेव्हा त्याच्या तळहातावर कागदात गुंडाळलेली साखरेची गोळी पडते; आणि त्यात पोराची मुळीच फसवणूक झालेली नसते, कारण त्याने मागितले तेच त्यास मिळालेले असते. कोकोच्या बियांपासून केलेली जी काळसर वडी खरोखर त्या नावास पात्र, तिला आमच्याकडे ‘कॅडबरी’ म्हणतात, मग ती कोणत्याही कंपनीची का असेना. भाषाशास्त्रज्ञांस ह्यात अज्ञान दिसेल. आम्हांस मात्र ह्यात हवामान दिसते. कोकोतील स्निग्धांश सुमारे ३४ अंश उष्णतेस वितळू लागतो. आणि जळगाव-भुसावळकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या पलीकडे जातो. अशा मुलखात शीतपेटी घरोघर येण्यापूर्वी खऱ्या चॉकलेटची वडी दुकानाच्या फळीवर चैत्रानंतर टिकती तर नवलच! साखरेच्या पक्क्या पाकाच्या गोळीस उन्हाची तेवढी भीती नाही. तिचा खरा शत्रू दमटपणा. हवेतील ओल शोषून ती चिकट होते आणि कागदास धरून बसते. कोकणात तिचे जे हाल होतात ते आमच्या कोरड्या उन्हाळ्यात होत नाहीत. तेव्हा ज्या वस्तूने ह्या प्रांतात तग धरला, तिनेच चॉकलेटचे नावही पटकाविले, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या अर्थाने आमच्या पिढीच्या जिभेस ठाऊक असलेला चॉकलेटचा कारखाना म्हणजे रावळगावचा. त्याचा वृत्तांत मराठी घरांतून तुकड्यातुकड्याने सांगितला जातो. परंतु जहाजे, विमाने व मोटारी बांधण्यास निघालेल्या एका कुटुंबाच्या हातात अखेरपर्यंत गोळीच का राहिली, आणि तीही २०२४ साली हातची कशी गेली, ह्याचा सलग विचार फारसा झालेला आमच्या पाहण्यात नाही. तो येथे यथामति करावयाचा आहे.

रावळगाव आजच्या हिशेबाने नाशिक जिल्ह्यात, मालेगाव तालुक्यात आहे. धुळ्याहून मुंबई-आग्रा रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पन्नास किलोमीटरांवर मालेगाव लागते आणि तेथून पश्चिमेस थोड्याच अंतरावर हे गाव. मग त्यास खानदेशाचे कसे म्हणता, असे नाशिककर विचारतील. त्यांस उत्तर असे की, १८६९ साली नाशिकचा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हा मालेगाव व बागलाण हे प्रांत खानदेशातूनच तोडून त्यास जोडण्यात आले. कलेक्टरकचेरी बदलली म्हणून बोली बदलत नाही; त्या बाजूस अहिराणी आजही कानी पडते. शिवाय ज्या गिरणा नदीच्या खोऱ्यात हा ऊस वाढला, तीच गिरणा पुढे चाळीसगाव-भडगावावरून येऊन जळगावाजवळून जाते व तापीस मिळते. पाण्याचे नाते आम्ही सरकारी नकाशापेक्षा जवळचे मानतो.

ह्या गावी कारखाना उभारणारे शेठ वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म १८८२ साली सोलापुरास झाला. घराणे मूळचे काठेवाडातले, धर्माने दिगंबर जैन, धंद्याने सावकार व कापसाचे व्यापारी. परंतु सोलापुरात राहून पुरते मराठी झालेले. वडील हिराचंद नेमचंद हे ‘जैन बोधक’ हे मराठी नियतकालिक चालवीत, एवढे सांगितले म्हणजे त्या घरातील वातावरण सुशिक्षित वाचकांच्या ध्यानात येईल. मुलगा मुंबईस सेंट झेवियरमध्ये व पुण्यास डेक्कन कॉलेजात शिकला. पेढीवर बसून व्याजाचे आकडे मांडणे त्यास मानवेना. पुढे लक्ष्मणराव फाटक नावाच्या, रेल्वेतील कारकुनी सोडलेल्या एका गृहस्थाशी त्याने भागी केली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या कामापासून कंत्राटदारीस आरंभ केला. ब्राह्मण कारकुनाची माहिती व जैन सावकाराचे भांडवल ह्यांची ही जोडी. आपल्या समाजात धंद्याचे नाव निघाले की भागीदारीवर चार भयकथा सांगण्याची चाल आहे. फाटक-वालचंदांची गोष्ट त्यांच्या जोडीस मुद्दाम सांगण्यासारखी आहे. बोरघाटातील बोगदे आणि तानसा तलावाचे पाणी मुंबईस आणणारे नळ ही वालचंदांच्या कंत्राटदारीची पुढची कामे सर्वश्रुत आहेत.

रावळगावच्या जमिनीकडे पाहण्याची त्यांची दृष्टी ह्या बोगद्यांतून आलेली असावी, असे आम्हांस वाटते. सुमारे दीड हजार एकर खडकाळ, ओसाड माळ त्यांनी लागवडीस आणला. शेतकरी खडक पाहून परत फिरतो; ज्याने सह्याद्री फोडला आहे त्यास तेवढ्याचे भय वाटत नाही. शेतीचे जाणकार व रसायनज्ञ हाताशी घेऊन, दगड वेचून, पाणी खेळवून त्यांनी तेथे ऊस उभा केला. कंपनीच्या नावातही ‘शुगर फार्म’ हे शब्द आहेत. म्हणजे साखरेची शेती. आधी जमीन, मग ऊस, मग साखर, असा तो क्रम होता, आणि पुढील हकिगतीसाठी तो ध्यानात ठेवणे अवश्य आहे.

साखरेचा कारखाना १९३३ साली निघाला. हे साल अकस्मात आलेले नाही. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसविण्याचा कायदा केला. त्यापूर्वी जावा बेटातील साखर एवढी स्वस्त येई की येथे कारखाना काढणारा वेड्यातच निघावा. कायदा झाला आणि देशातील कारखाने, जे तोवर तीसच्या आसपास होते, ते पाचएक वर्षांत सव्वाशेच्या वर गेले. दक्षिणेत तर जिकडे पाणी तिकडे धुराडे असे झाले. वालचंदांनीच थोड्या अवधीत इंदापूर तालुक्यात कळंब येथे दुसरा कारखाना काढला, त्याचे वालचंदनगर झाले. तात्पर्य, रावळगावची साखर हे धाडस होतेच, पण ते सरकारी छत्रीखाली केलेले धाडस होते. हे सांगितल्याने त्या पुरुषाची थोरवी उणावत नाही. छत्री सर्वांवरच होती. खडकावर ऊस मात्र सर्वांनी लावला नाही.

गोळी आली ती १९४२ साली. आम्हांस ह्या सालाचे नेहमी कुतूहल वाटत आले आहे. वालचंदांच्या चरित्रात त्या वर्षाच्या आगेमागे जे घडत होते ते पाहिले म्हणजे गोळीची गोष्ट फार लहान वाटू लागते. १९१९ साली त्यांच्या सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ जहाज इंग्रज कंपन्यांच्या नाकावर टिच्चून मुंबईहून विलायतेस गेले होते. १९४० च्या डिसेंबरात म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने त्यांनी बंगळूरास विमानांचा कारखाना काढला. १९४१ च्या जून महिन्यात विशाखापट्टणास जहाजबांधणीच्या गोदीची कोनशिला बाबू राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली. मोटारीचा कारखाना मनात घोळत होता, तो १९४४ साली कंपनीच्या रूपाने अवतरला. आणि १९४२ च्या एप्रिलात विमानांच्या कारखान्यातील त्यांचा वाटा सरकारने विकत घेऊन तो उद्योग युद्धकार्यासाठी ताब्यात घेतला. म्हणजे ज्या वर्षी विमान ह्या घराच्या हातून गेले, त्याच वर्षी गोळी हातात आली!

दोहोंत कार्यकारणभाव आहे असे आम्ही म्हणत नाही. गोळीचे कारण बहुधा साधेच असावे. साखर घरची होती. युद्धामुळे समुद्रमार्ग धोक्याचे झाले होते, आणि विलायती गोळ्यांचे जे पत्र्याचे डबे साहेबलोकांच्या व त्यांच्या अनुकरणाने आपल्याही काही घरांत येत, त्यांची आवक मंदावणे क्रमप्राप्तच होते. मुंबईस पारल्याला चौहान कुटुंबाने १९२९ पासून गोळ्या करून हा धंदा देशी माणसास साधतो हे दाखविलेच होते. साखरेच्या पोत्यापेक्षा साखरेच्या गोळीस दाम अधिक, हा हिशेब सोलापूरच्या पेढीवर वाढलेल्या माणसास कोणी शिकवावयास नको.

गोळी कशी होते हे आपल्या गृहिणींस सांगणे म्हणजे काशीस गंगोदक नेणे होय. एकतारी, दोनतारी, गोळीबंद अशा पाकाच्या पायऱ्या त्यांस बोटांच्या चिमटीतून कळतात. कारखान्यात त्याच पायऱ्या आणखी वर चढावयाच्या. साखर व ग्लुकोजचा रस एकत्र आटवून पाक दीडशे अंशांच्या जवळपास न्यावयाचा, म्हणजे त्यात पाण्याचा अंश शेकडा दोनतीनपेक्षा उरत नाही. मग तो निवताना साखरेचे खडे न धरता काचेसारखा पारदर्शक गोठतो. लाडवाच्या पाकाची पुन्हा साखर होऊ नये म्हणून आपल्या घरी लिंबाचे चार थेंब पिळतात. ग्लुकोजचे काम तेच. पाक अर्धवट निवला, कणकेइतका मऊ राहिला, की त्यात आंबटपणा, वास व रंग मळावयाचा, दोरासारखा ओढावयाचा, साच्यातून गोळ्या पाडावयाच्या, आणि ओल लागण्यापूर्वी कागदात गुंडाळावयाच्या. ह्या शेवटच्या क्रियेत उशीर चालत नाही. टॉफीत दूध व लोणी पडते, म्हणून तिचा पाक कमी उष्णतेवर उतरवितात आणि ती दातास चिकटते. रावळगावने पुढे दोन्ही प्रकार केले. पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक, टूटी फ्रूटी, सुप्रीम आणि चोको क्रीम ही त्यांतील काही नावे. शेवटच्या नावात खरे चॉकलेट डोकावते, परंतु आम्ही वर सांगितलेल्या खानदेशी व्याख्येप्रमाणे ही सारीच चॉकलेटे होत.

आता ही गोळी आपल्या घरांत शिरली कशी, हा प्रश्न आम्हांस अधिक महत्त्वाचा वाटतो. आज ह्यात प्रश्न तो कोणता, असे मुलांस वाटेल. पण पुण्याच्या पंचहौद मिशनात चहा-बिस्किटे घेतल्यावरून १८९० साली टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य ओढवले, ही गोष्ट आपल्या आजोबांच्या आठवणीतली होती. विलायती साखर हाडांच्या कोळशाने शुद्ध करतात म्हणून स्वदेशीच्या चळवळीत ती पुष्कळ घरांतून हद्दपार झाली होती. पाव-बिस्किटे तर दूरच राहिली. त्यांत कोणाचे पाणी, कोणाचे हात आणि अंडे आहे की काय, ह्यांपैकी कशाचाच भरवसा नव्हता. आमच्या धुळ्याच्या वाड्यात आजीचे सोवळे कडक असे. तिने रावळगावच्या गोळीची चौकशी केली ती थेट धर्मशास्त्राच्या अंगाने. कारखाना कोणाचा? दोशांचा, म्हणजे जैनांचा. मग अंड्याचा प्रश्न मिटला. आत काय? साखर. साखर कोठली? मालेगावाकडची, आपल्याच बाजूच्या उसाची. बाहेरचे पाणी? ते तर आटवून टाकलेले. आजीने थोडा विचार केला आणि निर्णय दिला, ‘तळणाप्रमाणे तीही चालेल.’ मात्र वरचा कागद देवघरात आणावयाचा नाही, अशी पुरवणी तिने जोडली. तिच्या ह्या निवाड्यात आधुनिक कंपन्यांच्या साऱ्या जाहिरातविद्येचे सार सापडते, असे आम्ही थट्टेने म्हणत असू. माल कोणाचा, कोठला आणि कशाचा, हे तीन प्रश्न. आणि तिन्हींचे उत्तर एकाच शब्दात, रावळगाव.

एकदा आजीचा परवाना मिळाल्यावर गोळीचा संचार घरभर झाला. मुंजीत बटूच्या मित्रांस, शाळेत वाढदिवशी वर्गास, पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनानंतर रांगेत उभ्या मुलांस, जळगावास जाणाऱ्या गाडीत वांती होऊ नये म्हणून वहिनींच्या पिशवीत, अशी ती सर्वत्र दिसू लागली. एकत्र कुटुंबात खाऊची वाटणी हा नित्याचा कलह असतो. पेढ्याचे अर्धुक मोठे की लहान ह्यावरून रडारड होते. गोळी मात्र फोडता येत नाही व सर्व गोळ्या सारख्या असतात. चौदा मुलांच्या घरात हा गुण लहान नव्हे.

मोठ्या मासिकांतून हल्ली चॉकलेटच्या इतिहासावर लेख आला की तो इंग्लंडातील कॅडबरी घराण्याचा असतो, आणि तो वाचनीय असतो हे मान्य केले पाहिजे. १८२४ साली बर्मिंगहॅमास जॉन कॅडबरी ह्यांनी चहा, कॉफी व पेयाचा कोको विकण्याचे दुकान काढले. हे लोक क्वेकर पंथाचे. दारूचे कट्टर वैरी. लोकांनी मद्य सोडून कोको प्यावा ही त्यांची धर्मबुद्धीची इच्छा धंद्याच्या कामी आली. पुत्रांनी १८७९ साली शहराबाहेर बोर्नव्हिल येथे कारखाना नेला, मागाहून तेथे बागांसह घरे बांधली व त्या वसाहतीत दारूचा गुत्ता होऊ दिला नाही. परंतु ह्याच घराण्याच्या इतिहासात एक असे प्रकरण आहे की ते आम्हांस बोर्नव्हिलच्या बागांपेक्षा अधिक विचार करावयास लावते. पोर्तुगीजांच्या साओ तोमे बेटांवरील कोको गुलामांच्या श्रमाने पिकतो, ही वार्ता १९०१ साली कॅडबरींच्या कानी आली. खरेदी बंद झाली ती १९०९ साली. मधल्या आठ वर्षांबद्दल ‘स्टँडर्ड’ ह्या पत्राने त्यांस ढोंगी ठरविले. कॅडबरींनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ज्यूरीने निकाल कॅडबरींच्या बाजूने दिला, आणि नुकसानभरपाई ठरविली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. अब्रू गेली हे खरे, पण जेवढी गेली तिचे मोल एवढेच, असा त्याचा अर्थ!

नावाची किंमत ठरविण्याचा प्रसंग त्याच घराण्याच्या कंपनीवर शंभर वर्षांनी पुन्हा आला. २०१० साली अमेरिकेच्या क्राफ्ट कंपनीने कॅडबरी सुमारे साडेअकरा अब्ज पौंडांस विकत घेतली. व्यवहारापूर्वी सॉमरडेलचा जुना कारखाना चालू ठेवण्याचा मानस क्राफ्टने बोलून दाखविला होता; व्यवहार होताच थोड्या दिवसांत तो बंद करण्याचे जाहीर केले. नाव टिकले. फार्दिंगापासून अब्जांपर्यंत त्याचा भाव चढला, पण तो माल जेथे होत असे ते ठिकाण त्या नावाबरोबर टिकेलच असे नाही, एवढे त्या वेळी दिसून आले.

रावळगावकडे परत येऊ. ह्या घराण्याचे भाग्य काही विचित्र क्रमाने पालटत गेले. वालचंद शेठ १९५३ साली वारले. विमाने आधीच गेली होती. गोदीचा मोठा हिस्सा १९५२ साली व उरलेला १९६१ साली सरकारकडे गेला. मग आली जमिनीची पाळी. १९६१ च्या कमाल जमीनधारणेच्या कायद्याने खाजगी साखर कारखान्यांच्या जमिनी काढून घेण्यात आल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे सोपविण्यात आल्या. रावळगावचा मळा हा त्यांतीलच एक. जो माळ ह्यांनी दगड वेचून शेत केला, तोच कायद्याने गेला. कायदा भूमिहीनांच्या कळवळ्याने झाला होता व त्यामागील न्यायबुद्धी आम्ही नाकारीत नाही. तथापि वडिलोपार्जित काळी जमीन आणि फोडून केलेली जमीन ह्यांत भेद करण्याइतकी ती सूक्ष्म नव्हती, असे आम्हांस वाटते. दरम्यान १९५० पासून प्रवरेच्या मार्गाने सहकारी साखर कारखाने उभे राहू लागले होते. खाजगी कारखान्याचे दिवस तेथूनच पालटले. पुढे रावळगावचा साखर कारखानाही ह्या कंपनीकडून दुसऱ्यांच्या हाती गेला. आधी जमीन, मग ऊस, मग साखर असा जो क्रम वर सांगितला, त्याच क्रमाने एकेक गोष्ट सुटत गेली. राहिली ती गोळी. मोटारीचे म्हणाल तर प्रीमियरच्या पद्मिनीने मुंबईच्या रस्त्यांवर टॅक्सीच्या रूपाने काही काळ नाव राखले. तीही आता दिसत नाही.

गोळीने मधल्या काळात चांगलाच मान मिळविला. १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर पान पसंदची जाहिरात लागे. अर्चना जोगळेकर ह्या अभिनेत्री तीत रागाने फटकारून बोलत आणि तोंडात गोळी पडताच तेच बोलणे लाडिक होई. आमच्या घरी सासवासुनांच्या खटक्यावर तोडगा म्हणून पान पसंदचे नाव पुष्कळ दिवस निघत असे. विडा निषिद्ध असलेल्या विद्यार्थ्यास व विधवेस पानाचा स्वाद निर्दोष मार्गाने मिळाला, हा त्या गोळीचा एक अनपेक्षित उपकार होय. आमच्या एका आत्येने तिचा पुरेपूर लाभ घेतलेला आम्ही पाहिला आहे. वैधव्यानंतर तिने पान सोडले होते. उशाखाली पान पसंदची पुडी असे, आणि ती आहे हे घरातील सर्वांस ठाऊक असून कोणी कधी बोलले नाही.

मग हा धंदा मंदावला का? कंपनीने स्वतः जे कारण दिले ते असे की, मोठ्या संघटित कंपन्या व असंघटित कारखानदार अशा दोहोंकडून स्पर्धा वाढली आणि बाजारातील वाटा टिकविता आला नाही. ह्यात आमची एक भर. गोळीची किंमत तिच्यातील साखरेवर ठरत नाही, खिशातील नाण्यावर ठरते. धान्य महागले तर दुकानदार भाव सव्वा रुपयाने वाढवू शकतो. गोळीस ती सोय नाही. तिला एका नाण्यावरून थेट दुसऱ्या नाण्यावर उडी मारावी लागते, आणि ती उडी पहिल्याने मारील त्याचे गिऱ्हाईक शेजारच्या बरणीकडे वळते. साखर, दूध, इंधन व मजुरी वर्षानुवर्षे चढत असता गोळी पन्नास पैशांशी बांधलेली राहिली. २०११ साली पावली चलनातून गेली, अधेली त्यानंतर दुकानदारांनीच मनाने बाद केली, आणि सुट्ट्या पैशांऐवजी गोळी हातावर ठेवण्याची चाल पडली. नाण्याने गोळी घ्यावयाची ती गोळीच नाणे झाली! परंतु सुट्ट्याऐवजी देताना कोणती गोळी द्यावयाची हे दुकानदार ठरवितो, आणि तो जीत सूट अधिक ती देतो. तेथे रावळगावच्या नावाचा काय पाड? एक रुपयाची गोळी चालू शकते हे १९१५ च्या मापाने नव्हे तर २०१५ च्या बाजारात पल्स नावाच्या मीठ भरलेल्या कैरीच्या गोळीने दाखवून दिले. पण तिच्यामागे मोठ्या घराची वितरणव्यवस्था होती.

२०२४ च्या फेब्रुवारीत व्यवहार जाहीर झाला. रिलायन्सच्या ग्राहकोपयोगी वस्तूंच्या कंपनीने रावळगावच्या गोळ्यांची नावे, त्यांच्या व्यापारमुद्रा आणि कृती २७ कोटी रुपयांस घेतल्या. जमीन, इमारत, यंत्रे हे सर्व मूळ कंपनीकडेच राहील असे ठरले. बातमी वाचून मराठी घरांतून जो शोक उसळला तो आम्ही कौतुकाने पाहिला. शोक करणाऱ्यांपैकी कित्येकांनी गेल्या वीस वर्षांत रावळगावची एक पुडीही घेतली नसेल. पण ते असो. मेलेल्या माणसास भेटावयास गेलो नव्हतो म्हणून रडू नये, असा नियम नाही.

आम्हांस ह्या व्यवहाराने वेगळ्याच विचारात टाकले. आमच्या धुळ्याच्या वाड्याची वाटणी झाली, तेव्हा तांब्यापितळेची भांडी तराजूने तोलून दोन दिवसांत वाटली गेली. खोल्या गजाने मोजून आठवड्यात वाटल्या गेल्या. अडले ते देवांपाशी. टाक व बाळकृष्ण कोणी न्यावयाचे ह्यावर चार महिने गेले. त्यांचे वजन पावशेराचे नव्हते, आणि मोल सोनाराने सांगितले असते तर हसू आले असते. परंतु देव ज्याच्या घरी जातील तेथे नवरात्र, तेथेच कुळाचार आणि तेथेच साऱ्यांनी वर्षातून एकदा जमावयाचे. शेवटी देव थोरल्या पातीकडे जळगावास बळीराम पेठेत गेले आणि धाकट्यांकडे ओसरी, विहीर व वखार राहिली. वखारीत त्यानंतर काय साठवावे हे आजवर ठरलेले नाही.

रावळगावच्या वाटणीत देव बाहेर गेले आणि भांडी घरी राहिली, असे म्हणावे काय? घराण्याकडे पाहून बोलावयाचे तर त्यांनी व्यवहारच केला, आणि जो धंदा दर साली पैसा खातो तो अब्रू राखून दुसऱ्याच्या हाती देण्यात आम्हांस कमीपणा दिसत नाही. वालचंद स्वतः असते तर त्यांनी हेच केले असते, असेही वाटते. हातचे गेलेल्या विमानावर रडत न बसता ते मोटारीकडे वळले होते. २७ कोटी ही रक्कम थोडी की फार, हे आम्ही सांगू शकत नाही. आजीने जे तीन प्रश्न विचारले होते, त्यांतील ‘कोणाची’ ह्याचे उत्तर तर बदललेच, आणि ‘कोठली’ ह्याचे उत्तर आता नावावरून काढता येणार नाही. ‘कशाची’ ह्याचे उत्तर तेवढे कृतीबरोबर नव्या मालकाकडे गेले आहे.

बातमी आली त्या आठवड्यात जळगावास बसलो असता आमच्या थोरल्या वहिनींनी ती वर्तमानपत्रात वाचून भाऊंस विचारले, “मग आता ही गोळी करणार कोठे?”

“ज्याने नाव घेतले, तो म्हणेल तेथे.”

“आणि रावळगावास काय करतील?”

“यंत्रे आहेत की तेथे.”

वहिनींनी चष्मा काढून कागद घडी केला. “यंत्रे आहेत, कारागीर असतील, आणि गोळी करता येते. फक्त तिला रावळगावची म्हणावयाचे नाही. असेच ना?”

भाऊ वकिलीत चाळीस वर्षे घालविलेले गृहस्थ. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, “कायद्याने तसेच.”